विश्लेषण : रुग्णालयांच्या स्वयंपाकघरांना डॉ. कमला सोहोनी यांचे काम काय शिकवते?

पिंपळे गुरव, नवी सांगवी, पिंपळे सौदागर या भागांत दहा-वीस खाटांची नर्सिंग होम आणि ज्येष्ठांची निवासी केंद्रे गल्लोगल्ली दिसतात. त्यांच्या स्वयंपाकघरांतले काम साधारण सारखेच असते. सकाळी दुधाच्या पिशव्या येतात, कोठीतून डाळ निघते, पोत्यातले बटाटे सोलले जातात आणि संध्याकाळच्या जेवणाची खिचडी अनेकदा दुपारीच शिजवून ठेवली जाते. दूध का नासते, डाळ कशी पचते, बटाट्याच्या पेशीत काय घडते आणि अन्नातली भेसळ घरच्या घरी कशी ओळखायची, या प्रश्नांवर एका मराठी शास्त्रज्ञाने जवळपास सगळे आयुष्य घालवले. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी. त्यांचे काम आणि रुग्णाच्या ताटापर्यंत पोहोचणारे अन्न यांचा संबंध काय, हे पाहू या.

कमला सोहोनी कोण होत्या?

कमला भागवत यांचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूरुच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सुरुवातीच्या काळात शिकलेल्यांपैकी हे दोघे. ज्येष्ठ लेखिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी. घरात वाचन आणि विज्ञान या दोन्हींना मान होता, मुलींच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. कमलाबाईंनी मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन १९३३ मध्ये बीएस्सी केले. गुणवत्ता यादीत त्या पहिल्या होत्या. वडील आणि काका जिथे शिकले तिथेच पुढे संशोधन करायचे, हे त्यांनी ठरवून टाकले होते.

बंगळूरुत त्यांना प्रवेश का नाकारला गेला?

त्या वर्षी संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. त्यांनी कमलाबाईंचा अर्ज नाकारला. गुण कमी होते म्हणून नव्हे, तर अर्ज एका मुलीचा होता म्हणून. महात्मा गांधींच्या विचारांचा प्रभाव असलेल्या कमलाबाई निमूट परत फिरल्या नाहीत. त्या थेट रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या, नकाराचे कारण मागितले आणि सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, काम पसंत पडले तरच ते वर्ष धरले जाणार होते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागणार होते. आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतील पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशीही अट होती.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत. रामन यांच्या मोठेपणाबद्दल आदर बाळगूनही त्यांनी उत्तरायुष्यात या वागणुकीबद्दल जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. वर्षभरात मात्र त्यांच्या कामाने रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेची दारे इतर मुलींसाठीही उघडली. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी आणि शेंगावर्गीय धान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. गोरगरिबांच्या ताटात प्रथिने येतात ती याच पदार्थांतून, हे लक्षात घेऊनच विषय निवडला होता. १९३६ मध्ये त्यांनी एमएस्सी विशेष प्रावीण्यासह पूर्ण केले.

केंब्रिजमध्ये बटाट्यात काय सापडले?

१९३७ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ चे नोबेल मिळवणारे सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली. सुरुवातीला डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी काम केले. हिल हे वनस्पतींच्या पेशींवर संशोधन करत होते. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे द्रव्य आढळले. पेशी ऑक्सिजनचा वापर करून ऊर्जा मिळवतात, त्या साखळीतला हा एक महत्त्वाचा दुवा. प्राण्यांच्या पेशींत तो माहीत होता. वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाची अशीच यंत्रणा चालते, हे या कामातून पुढे आले. केंब्रिजला पोहोचल्यापासून अवघ्या १४ महिन्यांत त्यांचे काम पूर्ण झाले. प्रबंध होता जेमतेम ४० पानांचा. १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली.

विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ मध्येच मिळाली होती, त्यामुळे हा मान नेमका कोणाचा यावर वाद होऊ शकतो. कामाचे मोल मात्र त्याने कमी होत नाही.

या शोधाचा कोठीशी काय संबंध? पोत्यातला बटाटा मेलेला नसतो. काढणीनंतरही त्याच्या पेशींचे श्वसन सुरू असते. त्यातून उष्णता आणि ओलावा बाहेर पडतो. म्हणून बटाटे बंद प्लास्टिकच्या पिशवीत किंवा गॅसच्या शेगडीजवळ ठेवले की घामेजतात, कुजतात. उजेडात ठेवले तर हिरवे पडतात. हिरवेपणाबरोबर सोलॅनिनसारखी विषारी द्रव्येही वाढतात आणि उकडल्याने ती पुरेशी जात नाहीत. बटाट्याला अंधारी, हवेशीर, कोरडी आणि थंड जागा लागते. जमिनीपासून उंचावर, पाटावर किंवा मांडणीवर.

भारतात परतल्यावर त्यांनी काय केले?

परदेशात राहून संशोधन करण्याची संधी असतानाही त्या १९३९ मध्ये मायदेशी आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. पुढे कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांच्या परिणामांवर काम केले. हीच प्रयोगशाळा नंतर हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते.

१९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग आकार घेत होता, तिथे त्या प्राध्यापक झाल्या. आपल्या विद्यार्थ्यांसह त्यांनी पुन्हा तोच विषय धरला. सामान्य माणूस काय खातो आणि त्यातून त्याच्या अंगी काय लागते? कडधान्ये आणि भाज्यांतील ट्रिप्सिन रोधक घटकांचा अभ्यास हा त्यातला महत्त्वाचा भाग. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यात प्रथिने पचवणारे विकर. कच्च्या कडधान्यांतील काही घटक त्याच्या कामात अडथळा आणतात. भिजवणे आणि नीट शिजवणे यांनी हा अडथळा बऱ्याच अंशी दूर होतो. आजारी किंवा वयस्क माणसाला अर्धकच्चे कडधान्य का सोसत नाही, याचे एक उत्तर इथे आहे. राजम्यासारख्या कडधान्यात तर अर्धकच्चेपणामुळे उलट्या-जुलाब होऊ शकतात. ते भिजवून, पाणी टाकून, खळखळ उकळूनच द्यावे लागते.

नीरेचे संशोधन महत्त्वाचे का ठरले?

तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून सोहोनी यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. ताड, शिंदीसारख्या झाडांचा हा गोड रस. तो आंबला की ताडी होते. नीरा आणि तिच्यापासून केलेल्या गुळात जीवनसत्त्वे आणि लोह यांचे प्रमाण चांगले असते आणि रस आटवतानाही ते बऱ्याच प्रमाणात टिकते, असे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा दिसली. महागडे औषध नको, परवडणारे अन्नच पुरेसे पोषण देऊ शकते, हे या कामाने दाखवले. त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

पुणे-मुंबई आणि पुणे-नाशिक रस्त्यांवर सकाळी नीरा विक्री केंद्रे दिसतात. साठवणुकीचा धडा घ्यायला यापेक्षा चांगली जागा नाही. सूर्य उगवण्याआधी उतरवलेली, चुना लावलेल्या मडक्यात धरलेली आणि लगेच थंड केलेली नीरा हे पोषक पेय असते. तीच नीरा काही तास उन्हात राहिली तर हवेतल्या आणि मडक्यातल्या यीस्टमुळे आंबते. पदार्थ तोच, झाड तेच. फरक पडतो तो तापमानाने आणि वेळेने.

दूध न नासण्याचा प्रश्न कसा सोडवला?

गोरेगावची आरे दूध वसाहत १९४९ मध्ये उभी राहिली. मुंबईतले गोठे शहराबाहेर हलवायचे आणि शहराला स्वच्छ, प्रमाणित दूध पुरवायचे, हा हेतू होता. लाखो लिटर दूध गोळा करून ते नासू न देता शहरभर पोहोचवणे ही मोठी अडचण होती. आरे प्रकल्पाच्या प्रशासनाला सोहोनी यांनी दुधाची गुणवत्ता सुधारण्याबाबत सल्ला दिला आणि दूध फाटू नये यासाठी कार्यपद्धती आखून दिली.

दूध फाटते ते जिवाणूंमुळे. दुधातल्या साखरेचे ते आम्लात रूपांतर करतात, आम्लता वाढली की केसीन हे प्रथिन गोळा होते. हे जिवाणू उष्ण हवेत झपाट्याने वाढतात, थंडीत त्यांचा वेग मंदावतो. म्हणून दूध पाच अंश सेल्सिअसच्या खाली ठेवायचे आणि गार ते गरम, गरम ते गार असा प्रवास शक्य तितका कमी करायचा. सकाळी टेम्पोतून उतरलेल्या पिशव्या दारात तासभर पडून राहिल्या, तर पुढे फ्रीज कितीही चांगला असला तरी गेलेला तास भरून येत नाही. कालच्या उरलेल्या दुधात आजचे ताजे दूध ओतले, तर कालचे जिवाणू आजच्या दुधात जातात.

ग्राहक चळवळीत त्या कशा आल्या?

१९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांच्या पुढाकाराने कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. सोहोनी त्यात सक्रिय झाल्या. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या कीमत या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी सातत्याने लिहिले. अन्नभेसळ ओळखण्याच्या सोप्या चाचण्या गृहिणींपर्यंत नेण्यात त्यांचा वाटा होता. हळदीत आणि डाळीत मिसळला जाणारा मेटॅनिल यलो हा रंग आम्लाचे थेंब टाकताच गुलाबी-जांभळा होतो, हे प्रयोगशाळेतले ज्ञान स्वयंपाकघराच्या ओट्यावर आले ते अशा प्रयत्नांतून. केंब्रिजची पदवी आणि इन्स्टिट्यूटचे संचालकपद यांनंतरही हळदीची पूड तपासायला शिकवणे त्यांना कमी दर्जाचे वाटले नाही. संचालकपदही त्यांना सहज मिळाले नव्हते. ते चार वर्षे उशिरा मिळाले आणि त्यामागे त्या स्त्री असण्याचे कारण होते, असे सांगितले जाते.

रुग्णाचे अन्न वेगळे का मानायचे?

घरी भाजी आंबूस लागली की आपण ती बाजूला सारतो. रुग्णाला ते जमतेच असे नाही. तापाने तोंडाची चव गेलेली असते, वार्धक्यात वास कमी येतो, आणि नाकातल्या नळीवाटे आहार घेणाऱ्याला तर चव आणि वास दोन्ही कळत नाहीत. त्यातच मधुमेह, किमोथेरपी, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यांमुळे शरीराची ताकद उणावलेली असते. निरोगी माणसाला एखादा जुलाब होऊन जाईल एवढ्या जिवाणूंनी अशा माणसाची प्रकृती गंभीर होऊ शकते.

शिवाय बिघडलेले सगळेच अन्न वास देत नाही. दूध नासवणारे जिवाणू स्वतःची वर्दी देतात. आजार पसरवणारे अनेक जिवाणू मात्र अन्नाचा रंग, वास, चव न बदलता वाढतात. भातातल्या बॅसिलस सेरियसचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात. दुपारचा भात किंवा खिचडी पातेल्यात तशीच कोमट राहिली तर ते पुन्हा वाढतात आणि त्यांचे उलट्या घडवणारे विष रात्री गरम केल्याने नष्ट होत नाही. लिस्टेरियासारखा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. म्हणून वास घेऊन पाहणे ही घरगुती परीक्षा रुग्णालयात पुरेशी नाही. सोहोनी यांनी ज्या पद्धतीने काम केले तीच इथे लागते. अंदाज नको, मोजमाप हवे.

स्वयंपाकघरात नेमके काय मोजायचे?

पहिले, तापमान. अन्न पाच अंशांखाली किंवा साठ अंशांवर असावे, मधल्या पट्ट्यात जिवाणूंना फावते. फ्रीजमध्ये एक साधी तापमापी ठेवून दिवसातून दोनदा नोंद करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दुसरे, वेळ. शिजवलेले अन्न दोन तासांहून जास्त बाहेर राहू नये. रात्रीसाठी ठेवायचेच असेल तर मोठ्या पातेल्यात न ठेवता उथळ भांड्यांत पसरून लवकर गार करावे, मग झाकून फ्रीजमध्ये न्यावे. पुन्हा गरम करताना वाफा येईपर्यंत, सगळीकडून आणि एकदाच. नळीवाटे द्यायचा पातळ आहार तर लागेल तेवढाच ताजा करावा.

तिसरे, तारीख. प्रत्येक डब्यावर पदार्थाचे नाव, दिवस आणि वेळ. जुने पुढे, नवे मागे. चौथे, जागा. कच्चे मांस, मासे आणि अंडी खालच्या कप्प्यात, शिजवलेले वरच्या. डाळी-पिठे झाकणाच्या कोरड्या डब्यांत, भिंतीपासून आणि जमिनीपासून सुटी. ओल धरलेल्या शेंगदाण्यात आणि धान्यात वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. ते भाजून किंवा शिजवून पुरेसे जात नाही, म्हणून असा माल निवडत बसण्यापेक्षा टाकलेला बरा.

पिंपळे गुरवच्या परिसरात आणखी काय अडचणी?

पवनेकाठचे हे जुने गाव आज दाट वस्तीचे उपनगर झाले आहे. अनेक नर्सिंग होम राहत्या इमारतींच्या एक-दोन मजल्यांवर चालतात, त्यामुळे कोठी आणि स्वयंपाकघर यांना मिळते ती उरलेली जागा. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठ्याची पद्धत आली. पाणी साठवावे लागते तिथे झाकलेली टाकी, तिची ठरावीक सफाई आणि पिण्या-शिजवण्याचे पाणी वेगळे ठेवणे हाही अन्नसाठवणुकीचाच भाग ठरतो. देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी बंद असते. त्या दिवशी जनरेटरवर शस्त्रक्रियागृह चालते, पण स्वयंपाकघराचा फ्रीज त्या वायरीवर असतो का, हे पाहून घ्यायला हवे. नसेल तर फ्रीजचे दार उघडू नये. चार तासांहून अधिक काळ वीज गेली असेल तर दूध, पनीर, मांस आणि शिजवलेले पदार्थ टाकून द्यावेत.

कायद्याचा आधारही आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ नुसार नफा असो वा नसो, खानपान सेवा हा अन्न व्यवसाय ठरतो. त्याला नोंदणी किंवा परवाना लागतो आणि स्वच्छता, साठवण, तापमान यांचे नियम लागू होतात. जेवण बाहेरच्या डबेवाल्याकडून येत असेल, तर त्याचा परवाना पाहणे आणि डबा आला त्या क्षणी तो किती गरम आहे हे मोजणे, एवढे तरी नर्सिंग होमच्या हातात असते. नातेवाईकही हे विचारू शकतात. ग्राहकाने प्रश्न विचारावा, हाच सोहोनी यांच्या चळवळीचा गाभा होता.

अखेरचे पर्व

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत वयोवृद्ध सोहोनी यांचा गौरव समारंभ ठेवला होता. परिषदेच्या प्रमुखपदी आलेल्या पहिल्या महिला म्हणजे डॉ. जी. व्ही. सत्यवती. समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. दीर्घ काळ त्यांचे नाव शास्त्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारसे घेतले गेले नाही. १८ जून २०२३ रोजी, ११२ व्या जयंतीला, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले, तेव्हा अनेकांनी ते प्रथमच ऐकले.

त्यांच्या स्मरणासाठी नर्सिंग होमच्या भिंतीवर तसबीर लावायची गरज नाही. फ्रीजमध्ये एक तापमापी, डब्यांवर तारखा आणि दाराशी आलेल्या दुधाला ताबडतोब थंडावा मिळाला, तरी त्यांचे काम तिथे पोहोचले असे म्हणता येईल.